उत्तर नाही

३ मार्च १९९७, सांगली

आज कामावर रुजू झाले. सांगलीत डॉ. विजयमाला कामेरीकरांचा कान-नाक-घशाचा दवाखाना आहे. वरच्या मजल्यावर एक खोली, खोलीत कॉम्प्युटर, त्यावर प्लॅस्टिकचं झाकण आणि झाकणावर दसऱ्याला लावलेली हळदीकुंकवाची बोटं अजून तशीच. मी ‘संशोधन सहायक’, सहा महिन्यांसाठी.

काम असं. माधवनगरच्या शेडमध्ये यंत्रमागांवर राबणाऱ्या दोनशे बारा माणसांचे कान डॉक्टरबाईंनी हिवाळ्यात तपासून घेतले. मागांच्या आवाजानं कान जातात का, हा प्रश्न. जोडीला कुपवाडच्या एका शांत कारखान्यातली साठ माणसं, तुलनेसाठी. तपासणी नाथाजींनी केली. ते दवाखान्यातले तंत्रज्ञ, लष्करातून निवृत्त झालेले. माणसाच्या कानाला यंत्र लावायचं, बारीक-जाड असे पाच सूर वाजवायचे आणि सूर किती मोठा केल्यावर ऐकू आला तो आकडा फॉर्मवर लिहायचा. आकडा जितका मोठा तितका कान खराब.

फॉर्मवरचे आकडे खाली बसणाऱ्या पिंकीनं एक्सेलमध्ये भरून ठेवलेत. मी ते तिथून उचलून संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचे आणि काय दिसतं ते सांगायचं. सॉफ्टवेअर डॉक्टरबाईंच्या भाच्यानं पुण्याहून सात फ्लॉप्यांवर पाठवलंय. उघडलं की पांढरा पडदा आणि एक बाण. पुढं आपण लिहायचं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, “येतं ना हे तुला?” मी हो म्हणाले.

येत नाही. बी.एस्सी.ला गणित होतं, एम.एस्सी. एक वर्ष करून सोडलं, नंतर कराडला दोन वर्षं तासावर शिकवलं. पण ‘येत नाही’ म्हणून परत मलकापूरला जायचं आणि आईच्या नजरेसमोर बसायचं, ते जमणार नव्हतं.

५ मार्च

राहायची सोय पिंकीनं केली. माधवनगरला, तिच्याच गल्लीत येसूबाईंच्या घराची पुढची खोली. येसूबाई पन्नाशीच्या. बावीस वर्षं शेडमध्ये कांड्या भरतात, म्हणजे मागाला लागणारं सूत नळकांड्यांवर गुंडाळतात. धाकटी मुलगी अक्षता लग्न होऊन पुण्याला. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली रोज ताजी फुलं. फोनवर आईनं विचारलं, “कुणाच्या घरात राहतीस?” मी म्हणाले, चांगल्या माणसांच्या. तिला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं, ते मी सांगितलं नाही.

येसूबाईंची एक गोष्ट मला अवघडल्यासारखी होते. आपण बोलायला लागलो की हातातलं काम थांबवून त्या तोंडाकडं टक लावून बघतात. माझ्या दातात काही अडकलंय का असं वाटतं.

१० मार्च

एक्सेलमधली सगळी पानं निवडली, कॉपी केली, इकडं आणून टाकली. सॉफ्टवेअरनं एका ओळीत उत्तर दिलं: दुसऱ्या ओळीत जितके शब्द हवेत तितके नाहीत. काय करायचं ते सांगत नाही, फक्त नाही म्हणतं. दिवसभर तेच.

१३ मार्च

कारण सापडलं. सॉफ्टवेअर मोकळी जागा दिसली की नवा रकाना समजतं. एका माणसाचं नाव एका शब्दात, दुसऱ्याचं आडनावासकट तीन शब्दांत. म्हणजे एकाचं आडनाव दुसऱ्याच्या वयाच्या रकान्यात जाऊन बसलेलं. नावांमधल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या.

मग निदान नावं, वयं आणि कामाची वर्षं एवढं आत आलं. आनंदानं पहिलं विचारलं: शेडमध्ये सर्वांत जास्त वर्षं कुणी काढली? उत्तर आलं, दोन हजार चारशे एकोणनव्वद. पिंकीनं यादीखाली ‘एकूण’ अशी बेरीज मारून ठेवली होती. मी तिला कामगार क्रमांक २१३ म्हणून भरती केलेलं. पिंकी आणि मी पोट धरून हसलो. नाथाजींना सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले, “त्याला पेन्शन द्यायला पायजे मग.”

२१ मार्च

पाच दिवस रकान्यांशी झटापट. वयाच्या रकान्यात पिंकीनं काही ठिकाणी ‘४२’ लिहिलंय, काही ठिकाणी ‘४२वर्षे’. एक शब्द दिसला की सॉफ्टवेअर अख्ख्या रकान्याला शब्दच समजतं, मग त्याची सरासरी देत नाही. एकेक करून दुरुस्त केलं. शिकतेय. कुणी शिकवत नाही म्हणून चांगलंच शिकतेय, असंही वाटतं.

सकाळी न्हाणीतून येसूबाईंना हाक मारली, गरम पाणी हवं होतं. तीनदा मारली. त्या चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या, वळल्याही नाहीत. माझं काय चुकलं? काल मी त्यांच्या हातची भाकरी नको म्हणाले, भूक नव्हती म्हणून. त्यांनी वेगळं मनात घेतलं असेल का? मी कुठल्या घरातली ते त्यांना माहीत आहे. आज मुद्दाम मागून दोन भाकरी खाल्ल्या. त्या खूश दिसल्या, नेहमीसारख्याच बोलल्या. मग सकाळचं काय होतं?

२७ मार्च

शेवटची अडचण. आकड्यांच्या रकान्यांत मधेच कोऱ्या जागा आहेत, बऱ्याच आहेत. कोरी जागा आली की पुढचे आकडे सरकून डावीकडं येतात आणि ओळ तोकडी पडते. पिंकीला विचारलं, हे कोरं का?

“तितं आकडा नव्हताच,” ती म्हणाली. “फॉर्मवर नाथाजीकाकांनी काय तरी अक्षरं लिवल्याली. तुम्हीच म्हणालासा न्हवं, अक्षर घातलं की रकाना बिघडतो? म्हणून काढून टाकली.”

विचार केला. आकडा मोठा तर कान खराब. आकडाच नाही म्हणजे खराबीच नाही. एक्सेलमध्ये सगळ्या कोऱ्या जागा एका फटक्यात बदलून शून्य भरले. कॉपी केलं, आणून टाकलं. एकही तक्रार न करता दोनशे बहात्तर ओळी आत गेल्या.

इतकं समाधान बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. येताना विश्रामबागेला उतरून भेळ खाल्ली, एकटीनंच.

४ एप्रिल

सरासऱ्या काढल्या. पाच वर्षांच्या आतले कामगार: कान चांगले. पाच ते पंधरा वर्षं: बरेच खराब. पंधरा वर्षांच्या वर: परत चांगले. बारीक सुराला तर नव्या पोरांइतकेच चांगले.

डॉक्टरबाईंनी कागद उजेडात धरून परत वाचला. “विचित्र आहे. माझ्याकडं जी म्हातारी माणसं येतात ती तर...” मग म्हणाल्या, “पण दवाखान्यात येणार ती आजारीच. म्हणून तर सगळ्यांना तपासलं. तू नीट बघितलंस ना?”

मी म्हणाले, तीनदा. खरंच तीनदा बघितलं. तिन्ही वेळा तेच आलं.

१५ एप्रिल

काल जयंती. गल्लीच्या टोकाला गाण्यांचा कार्यक्रम. येसूबाई पांढरी साडी नेसून सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या, त्याही थेट कर्ण्याला चिकटून. मला शेजारी बसवलं. माझे कान अजून दुखतायत. त्या मात्र कर्ण्याच्या खोक्यावर हात ठेवून शेवटपर्यंत बसल्या होत्या, चेहरा इतका खूश. गाण्यांची भारी हौस आहे त्यांना.

२३ एप्रिल

शेडमालकांच्या संघाचे अध्यक्ष हंबीरराव दवाखान्यात आले होते. डॉक्टरबाईंनी पहिला अहवाल म्हणून एक पान सही करून त्यांना दिलं. संघाच्याच परवानगीनं तपासणी झाली होती, म्हणून देणं भाग होतं. वाचून ते फार खूश.

“म्या म्हनतच हुतो. सुरवातीला तरास हुतो, मग कान सरावतात. मानूस कशालाबी सरावतो, डॉक्टर.” माझ्याकडं वळून म्हणाले, “ह्या बाईंनी काढलं व्हय? मशिनीवर? मग त्यात खोट न्हाई.”

पानाच्या झेरॉक्स काढून ते सगळ्या शेडमध्ये लावणार आहेत. मागांचा आवाज आत जाऊ नये म्हणून कानात घालायची बोंडं द्यावीत अशी कामगारांची मागणी होती, तिची आता गरज नाही म्हणाले.

आज पहिल्यांदाच कुणी माझ्या कामाचं कौतुक केलं. साताऱ्याच्या एका कॉलेजात पुढच्या महिन्यात मुलाखती आहेत. डॉक्टरबाईंचं पत्र मिळालं तर बरं होईल. अजून मागितलं नाही.

२ मे

येसूबाई यादीत त्रेसष्ट नंबरला आहेत. आज सहज त्यांची सरासरी बघितली, साडेसत्तावीस. म्हणजे थोडंसंच कमी. घरी आल्यावर सांगितलं, “तुमचे कान छान आहेत.”

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. “काय म्हनला?”

“कान. छान आहेत. यंत्रानं सांगितलंय.”

“आसं व्हय?” म्हणाल्या, मग हसल्या, पण लगेच नाही. “बरं झालं बाई. तसंच ऱ्हाऊ द्या मग.”

६ मे

हे नीट लिहून ठेवायला हवं.

संध्याकाळी सातच्या सुमाराला आम्ही दोघी आतल्या खोलीत शेंगा सोलत बसलो होतो. येसूबाई अक्षताच्या सासरचं सांगत होत्या. मी विचारत होते, त्या उत्तर देत होत्या. तेवढ्यात दिवे गेले. खिडकी लावलेली, त्यामुळं अगदीच काळोख. मी विचारलं, “मग अक्षताची नणंद काय म्हणाली?”

उत्तर नाही.

मला वाटलं ऐकलं नसेल. परत विचारलं, मोठ्यानं. शेंगांची टरफलं फुटण्याचा आवाज चालूच होता. त्या तिथंच होत्या, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी “येसूबाई” म्हणाले, पुन्हा म्हणाले, मग जवळजवळ ओरडले.

काडीपेटी ओढल्याचा आवाज झाला. चिमणी लावून त्यांनी ती माझ्या चेहऱ्याजवळ आणली आणि म्हणाल्या, “हां, आता बोला. काय म्हनत हुता?”

त्या माझ्या ओठांकडं बघत थांबल्या होत्या.

७ मे

सकाळी लवकर जाऊन फॉर्मचा गठ्ठा उघडला. नंबर त्रेसष्ट. उजवा कान: ६०, ७५, मग तीन ठिकाणी ‘उ. ना.’ डावा कान: ६५, ७५, परत तीनदा ‘उ. ना.’ माझ्या ओळीत तिथं शून्य, शून्य, शून्य. ६० आणि ७५ नंतर शून्य. असा कान कुठं असतो? दोनशे बहात्तर ओळी मी तीनदा बघितल्या, पण ओळी बघितल्याच नव्हत्या. सरासऱ्याच बघत होते.

नाथाजींना विचारलं, उ. ना. म्हणजे काय?

“उत्तर न्हाई, मॅडम. आवाज वाढवत न्यायचा. वाढवत वाढवत यंत्र संपलं, तरी मानसानं बोट वर केलं न्हाई, की उ. ना.”

म्हणजे शून्य नाही. यंत्रात आकडा उरला नाही इतका बहिरेपणा. आणि शून्य म्हणजे सर्वांत तल्लख कान. जी माणसं सर्वांत बहिरी, त्यांना मी सर्वांत तल्लख करून टाकलं. म्हातारे जितके जास्त बहिरे, तितके शून्य जास्त, तितकी सरासरी चांगली.

आणि ते पान आता शेडच्या भिंतींवर चिकटवलेलं आहे.

८ मे

डॉक्टरबाईंना सांगितलं नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. एकदा पेशंट होता. एकदा नव्हता.

सत्तावीस तारखेला साताऱ्याची मुलाखत. मुलाखत झाल्यावर सांगितलं तर काय बिघडेल, असंही मनात आलं. इथं सगळं खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते.

९ मे

सांगितलं. दवाखाना उघडायच्या आधी गेले, फॉर्म आणि माझी ओळ शेजारी शेजारी ठेवली.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दहा-बारा फॉर्म स्वतः काढून बघितले. मग म्हणाल्या, “मला त्या दिवशी शंका आली होती. म्हाताऱ्यांचे कान परत चांगले कसे होतील? पण आकडे कॉम्प्युटरमधनं आले म्हणून मी गप्प बसले.”

“चूक माझी आहे, मॅडम.”

“शून्य तू भरलेस. सही मी केली. आता परत बसूया, फॉर्मवरनं. पिंकी वाचेल, तू भर, नाथाजी तपासतील.” दारापाशी थांबून त्यांनी विचारलं, “साताऱ्याचं काहीतरी आहे म्हणे तुझं? पिंकी सांगत होती. पत्र हवं असेल तर माग. मी आपणहून विचारायला जात नाही कुणाला.”

मला वाटतं त्या अजून रागावल्या आहेत. माझ्याकडं न बघता बोलत होत्या.

१४ मे

तीन दिवसांत सगळे फॉर्म परत भरले. ‘उ. ना.’च्या जागी आता NA असं लिहिलं. आकडा माहीत नाही, यासाठी सॉफ्टवेअरची ती स्वतःची खूण आहे. ओळी न सरकता आत गेल्या. सरासरी काढली.

म्हातारे अजूनही बऱ्यापैकीच.

अर्धा दिवस गेला कळायला. ‘माहीत नाही’ म्हटलं की सॉफ्टवेअर त्या माणसाला बाजूला ठेवतं आणि उरलेल्यांची सरासरी देतं. जे ऐकू शकतात त्यांचीच. म्हणजे पहिल्यांदा मी बहिऱ्यांना तल्लख केलं, आता गैरहजर केलं.

नाथाजी चहा घेऊन आले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “पन मॅडम, ती मानसं माझ्यासमोर बसलीवती की. गैरहजर कशी? बोट वर केलं न्हाई, ह्येच त्यांचं उत्तर.”

खरंय. सरासरी काढायचीच नाही. माणसं मोजायची.

१६ मे

मोजली. बारीक सुरांपैकी निदान एका सुराला, निदान एका कानानं, ज्यांनी उत्तर दिलं नाही अशी माणसं. पाच वर्षांच्या आत चोपन्नपैकी एक. पाच ते पंधरा वर्षं, शहाण्णवपैकी एकोणीस. पंधराच्या वर, बासष्टपैकी अडतीस. कुपवाडची त्याच वयाची साठ माणसं घेतली, त्यांत चार.

एवढंच. हे सांगायला सॉफ्टवेअरही लागलं नसतं.

संध्याकाळी येसूबाईंसमोर बसले, तोंड उजेडाकडं करून. सांगितलं की मी चुकीचं बोलले होते, त्यांच्या ओळीतले शून्य मीच भरले होते. कान छान नाहीत.

“मला ठावं हाय,” त्या म्हणाल्या.

“मग त्या दिवशी बोलला का नाही?”

“काय बोलू? तुमची मशीन म्हनती चांगलं, तर मी कशाला न्हाई म्हनू?” त्यांनी पदर सारखा केला. “ताई, आमच्या शेडमदी बनाबाई हुती. सायबानं मागनं हाक मारली, तिला कळलं न्हाई. दोनदा आसं झालं. तिसऱ्या आठवड्यात तिला घरी बसवली. तवापासनं मी सायबाकडं पाठ करत न्हाई. चार वर्सं ऱ्हायल्यात माजी. तेवढं शून्य ऱ्हाऊ द्या की.”

मी म्हणाले, नाही राहू देता येत. अडतीस माणसं आहेत.

त्या उठून आत गेल्या. मी बाहेरून दोनदा हाक मारली आणि मग लक्षात आलं.

१७ मे

यादीतून नावांचा रकाना काढून टाकला. वयही नेमकं ठेवलं नाही, दहा-दहा वर्षांचे गट केले. नंबर कुणाचा कोणता, याचा एकच कागद. तो डॉक्टरबाईंनी आपल्या कपाटात कुलपात ठेवला. येसूबाईंनी आज जेवायला वाढलं, पण त्या बोलल्या नाहीत. या वेळी मात्र खरंच रागावल्या आहेत.

१९ मे

हंबीररावांकडं गेलो, डॉक्टरबाई आणि मी. संघाच्या ऑफिसात आणखी चार-पाच मालक बसलेले. डॉक्टरबाईंनी सरळ सुरुवात केली, “मागच्या महिन्यात मी तुम्हाला दिलेलं पान चुकीचं होतं. ते मागे घेते.” आणि नवं पान पुढं ठेवलं.

हंबीररावांनी ते वाचलं, दोनदा वाचलं. “आवं डॉक्टर, चार हप्त्यांत कान गेलं व्हय मानसांचं?”

“कान आधीच गेले होते. आम्ही वाचायला चुकलो.”

“मशिनीत खोट न्हाई म्हनलासा.”

“ते तुम्ही म्हणालात,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी सांगायला लागले. शून्य म्हणजे काय, कोरं म्हणजे काय, मी काय केलं. त्यांच्यातल्या एका मालकानं विचारलं, “म्हंजे तुमीच चुकला?” मी हो म्हणाले. सगळे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं होतं लाज वाटेल, पण समजावून सांगण्यात इतकी गुंतले होते की राहूनच गेलं.

शेवटी हंबीरराव म्हणाले, “बरं, अडतीस तर अडतीस. नावं द्या. कोन कोन हाय त्ये बघतो. बहिऱ्या मानसाला मागाजवळ ठेवनं धोक्याचंच.”

“नावं नाहीत.”

“आसं कसं? तपासनी आमच्या शेडमदी झाली.”

“कान त्यांचे तपासले,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ज्याचा त्याला सांगेन. दुसऱ्या कुणाला नाही. अडतीस माणसं कमी करून काय होणार? त्या जागी बसतील त्यांचेही जातील. बोंडं सगळ्यांना द्या, आणि कांड्या भरायची जागा मागांपासून भिंतीआड न्या. एवढं केलंत तर पुढच्या वर्षी मी परत फुकट तपासते.”

“आनि न्हाई केलं तर?”

“तर हेच पान मी जिल्ह्याच्या कामगार अधिकाऱ्यांना देणार. चुकीचं दिलेलं मागे घेतलं, हेही त्यात लिहिणार.”

दवाखान्यात आल्यावर टेबलावर एक पाकीट होतं, माझ्या नावाचं. साताऱ्यासाठी पत्र. तारीख नऊ मे.

म्हणजे ज्या दिवशी सांगितलं त्याच दिवशी लिहिलेलं. मग इतके दिवस ते दिलं का नाही, ते मला कळलं नाही. बहुतेक मी मागायची वाट बघत असतील.

२७ मे, सातारा

मुलाखत झाली. तिघे होते. विचारलं, संशोधनात काय केलं? मी शून्याची गोष्ट सांगितली. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच. एक जण म्हणाले, “मुलाखतीला आलेलं माणूस सहसा स्वतःची चूक सांगत नाही.” मी म्हणाले, “पोरांना शिकवताना मी हेच पहिल्या तासाला सांगीन.” ते काहीतरी लिहीत राहिले. बहुतेक गेली संधी.

एस.टी. स्टँडवर उसाचा रस घेतला. कंदी पेढे घेतले, एक पुडा मलकापूरला, एक येसूबाईंना. त्या बोलत नसल्या तरी.

५ जून

एकोणीस शेडपैकी सात शेडनी बोंडं आणि भिंत दोन्ही कबूल केलं. हंबीररावांची त्यात आहे, येसूबाईंचीही आहे. पाच जण नुसती बोंडं देतो म्हणाले. बाकीचे बघू म्हणतात. डॉक्टरबाईंनी त्या बाकीच्यांबद्दल कामगार अधिकाऱ्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा काढायला घेतला. मला वाटलं होतं एकोणीसच्या एकोणीस होतील.

साताऱ्याचंही पत्र आलं. एका वर्षासाठी, रजेच्या जागेवर. एक जुलैपासून.

१२ जून

कपाटातला तो एकच कागद घेऊन, ज्याचा त्याला निकाल सांगायला येसूबाईंच्या शेडमध्ये गेले. मागच्या बाजूला पत्र्याखाली टेबल टाकलं, नाथाजी सोबत. पुरुष एकेक करून आले. बायका येईनात. सगळ्या कांड्यांच्या रांगेत बसून होत्या, कुणी मान वर करेना. मी आत गेले. सगळे माग चालू, पायाखालची फरशी थरथरत होती. मी काहीतरी ओरडले, ते मलाच ऐकू आलं नाही.

येसूबाई रांगेच्या मधोमध बसल्या होत्या. जवळजवळ महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हातातली कांडी खाली ठेवली आणि उभ्या राहिल्या. समोरच्या बायांकडं तोंड करून त्या बोलल्या. आवाज काढला की नाही, सांगता येणार नाही. ओठ मात्र सावकाश हलत होते, आणि मला वाचता आलं.

“मला ऐकू येत न्हाई. लय वर्सं झाली. जावा, इचारून घ्या आपलं आपलं.”

लगेच कुणी उठलं नाही. मग त्यांच्यातल्या शालूबाई उठल्या, त्यांच्यामागं आणखी दोघी. संध्याकाळपर्यंत सव्वीस बाया येऊन गेल्या.

साहेब दारात उभा होता. त्यानं येसूबाईंना उभं राहिलेलं बघितलं. उद्या काय म्हणेल माहीत नाही.

१४ जून

साहेब काही बोललेला नाही. येसूबाई आज दवाखान्यात आल्या, कानात घालायचं ऐकायचं यंत्र घ्यायचं का ते बघायला. डॉक्टरबाईंनी तासभर लावला. जाड सूर यंत्रानं थोडे परत येतील, बारीक येणार नाहीत, असं सांगितलं. अक्षताचा आवाज फोनवर कळेल का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “प्रयत्न करू. खोटं सांगत नाही.”

दुपारी घरी आम्ही दोघी समोरासमोर बसलो. पेढे अजून उरले होते.

त्यांनी विचारलं, “ताई, ह्ये कवापासनं आसंल?”

“यंत्र ते सांगत नाही. आज किती ऐकू येतं एवढंच सांगतं.”

त्या बोटांवर मोजू लागल्या. “अक्षताच्या बारशाला बायकांनी पाळणा म्हनला, त्यो मी ऐकलाय. सासूबाईंचा आवाज सगळ्यांत वर हुता. तिच्या लग्नात बँड आला, त्यो नुस्ता छातीत वाजत हुता. मधी एकोनीस वर्सं गेली. त्यात कवातरी.” मग म्हणाल्या, “मधलं काय आठवत न्हाई बगा. ती पैल्यांदा ‘आई’ म्हनली, त्ये ऐकलंय का बघितलंय, मला सांगता येत न्हाई.”

मी त्यांचा हात धरला.

“तुमच्या त्या कागदावं ह्ये बसंल का?”

मी नाही म्हणून मान हलवली. एवढं बसेल असा रकाना माझ्याकडं नव्हता.

“ऱ्हाऊ द्या मग,” त्या म्हणाल्या आणि पेढ्याचा पुडा माझ्याकडं सरकवला. “आता जरा तोंड हिकडं करून बसा. साताऱ्याला पोरांना काय शिकवनार, त्ये सांगा मला. सावकास सांगा.”

मी उजेडाकडं तोंड केलं आणि सुरुवातीपासून सांगितलं. चार वाजून गेले. मधेच एकदा त्यांनी थांबवून विचारलं, “शून्य म्हंजे चांगलं, आनि काईच न्हाई म्हंजे वाईट?”

मी म्हणाले, हो.

“आमाला कुनी शाळंत घातलं न्हाई,” येसूबाई म्हणाल्या, “पन येवढं तुमाला म्यां बी सांगितलं आसतं.”